अमीनसाहेबांची नवी सतार

मानवत गावात बन्सीधर शेठचं पेटी-सतारीचं दुकान, अन् आलेला माल सुरात लावायचं काम माझं. नवी सतार हैदराबादहून येते तवा ती नुसती दिसायला सतार असते. तारा इतक्या वर की खालून उंदीर जावा, दाबायला गेलं की बोटाला चीर. अन् जिथं बोट ठेवून सूर काढायचा ते पडदे दोऱ्यानं बांधलेले. ठेसनावरून बैलगाडीत हादरून हादरून सगळे आपापली जागा सोडतात. ते परत जागेवर सरकवल्याबिगर सतार वाजवायची न्हाई.

अशीच एक मी नुकती खोक्यातून सोडली व्हती, तर पोलिसाचे अमीन, म्हंजी फौजदार, चंद्रभानसाहेब दुकानात आले. उचलली अन् तशीच वाजवली. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा असा आवाज. शेठनं मान खाली घातली. मला मातर पोटात गुदगुल्या. शेठला डोळा मारला अन् मान डोलवून म्हनलो, "वा साहेब, क्या बात है."

साहेब फुलले. "बन्सीधर, ह्या माणसाला कान आहे. सतार अशीच पाठवा. कुणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवसापासून सांज झाली की शिपाई दारात. "भुजंगा, साहेबांनी याद केलंय." जायचं, बसायचं, वा म्हनायचं. पाय मुडपून मुंग्या येतात, पन उठता येत न्हाई. धुरपता, माझी बायको, म्हनली, "घरात कवा माझ्या बोलण्याला मान हलवली न्हाई, तिथं बरी हलवायलाव तुमी."

मग एक दिवस साहेब म्हनले, "जुम्म्याला जिल्ह्याचे तालुकदारसाहेब येणार. त्यांना गाण्यातलं कळतं. पहिली दाद तू द्यायची."

तालुकदार हसले की अमीनसाहेब मला इचारनार, इतके दिस वा वा कशाची करायलास? अन् ठान्याची कोठडी साहेबांच्या अंगनापलीकडंच.

साहेब जेवायला आत गेले. मी पटापटा सगळे पडदे जागेवर सरकवले. साहेब आले, वाजवाय बसले अन् थांबले.

"सतार कुणी बिघडवली?"

"हवेनं झालं असंल, साहेब."

"मग लाव. मी सांगतो."

ते तार छेडायचे, मी पडदा सरकवायचो. "जरा वर. अजून. हां, हा खरा सूर." असा एक एक पडदा माझ्याच हातानं परत बिघडवून घेतला.

जुम्म्याला तालुकदारसाहेब बसले. पहिल्या सुरालाच त्यांनी डोळे मिटले, दाढ दुखल्यावानी. मी वा म्हनलो, पन आवाज पिपानीचा निघाला.

वाजवून झालं. तालुकदारसाहेबांनी इचारलं, "ही लावली कुणी?"

"हा भुजंग," अमीनसाहेब म्हनले. "काय कान आहे ह्याचा. रोज ऐकायला येतो."

"रोज?"

"जी सरकार," मी म्हनलो.

"पहिल्या दिवशी वा कोण म्हणालं?"

"मीच, सरकार."

ते माझ्याकडं बघत राहिले अन् मिशीत हसले. अमीनसाहेबांना म्हनले, "ह्याला एक दिवसही सुट्टी देऊ नका."

अमीनसाहेबांना ती शाबासकी वाटली. बोटातली नखी नीट बसवून म्हनले, "जवळ सरक भुजंगा. आता तुला जरा लांबलचक ऐकवतो."