लुकलुकतोय म्हणजे चालू

मी बोलतोय, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. एरवी बोलणं हा माझा धंदा नव्हे, मी ऐकतो. मी हातात मावेल एवढा आवाजाचा रेकॉर्डर आहे. डोक्यावर दोन कान, पोटात दोन बॅटऱ्या, पाठीला छोटासा स्पीकर, कुशीत नखाएवढं मेमरी कार्ड आणि छातीवर एक लाल दिवा. तो दिवा नीट लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यातला सगळा घोळ त्याच्यावरून झाला. तो बिचारा आपलं काम चोख करत होता. घोळ माणसांनी घातला आणि मी आतल्या आत तडफडत राहिलो.

माझा स्वभाव मुळातच चुळबुळ्या. कारखान्यात एका बाईंनी माझ्या कानापाशी टिचकी वाजवली, पडद्यावरच्या पट्ट्या उड्या मारताना पाहिल्या आणि मला पास केलं. मला आठवणारा पहिला आवाज तो. मग खोकं. ऐकण्यासाठी जन्मलेल्याला खोक्यात कोंबून ठेवणं किती वाईट, ते तुम्हाला नाही कळायचं.

पुढे दुकानाच्या काचेच्या कपाटात आलो, पण तिथंही जीव रमेना. येणारा प्रत्येक जण मला हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "हे कशाला हवं? मोबाइलमध्ये होतं की." आणि ठेवून द्यायचा. ते वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

एके दिवशी दोघी आल्या, आई आणि मुलगी. मुलगी दातांची डॉक्टर, म्हणजे समोरच्याला आ करायला लावून बोलू न देणारी. आई गाडी शिकवणारी. अख्खी गल्ली तिला ब्रेकबाई म्हणायची, कारण शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून ती जो "ब्रेक!" ओरडायची, त्यानं रस्त्यावरची परकी वाहनंसुद्धा थांबायची. पण त्या दिवशी तिचा आवाज घोगरा होता आणि गळ्याला रुमाल गुंडाळलेला होता.

"आईचा आवाज घ्यायचाय," मुलगी म्हणाली. "चांगला यायला हवा. अगदी ती समोर बसल्यासारखा."

विकणारा मिशाळ माणूस भारी बोलघेवडा. त्यानं आमच्यातले तिघे जण काउंटरवर मांडले. "हा छोटा ऑफिसातला. कोण काय बोललं ते कळतं, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. हा मोठा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा, तुम्हाला झेपायचा नाही. हा मधला घ्या. साध्या बॅटऱ्या लागतात, कुठंही मिळतात. तोंडापासून वीतभर लांब ठेवा, अगदी समोर नको, जरा तिरका. म्हणजे प आणि फ म्हणताना याच्या कानात फुंकर जात नाही. टेबलावर ठेवणार असाल तर खाली टॉवेलची घडी घाला, नाहीतर कपबशी ठेवली तरी आत ढोल वाजतो. आणि आवाजाची पातळी अशी ठेवा, की ओरडलं तरी पट्टी टोकाला जाऊ नये."

"मग हिच्यासाठी तळालाच ठेवावी लागेल," मुलगी म्हणाली.

"आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. हे लाल बटण. हे एकदा दाबलं की—"

"तुम्हाला गाडी येते का हो?" आईनं मध्येच विचारलं.

"अं? नाही काकू."

"एवढे बाप्ये झालात आणि गाडी येत नाही? हे घ्या माझं कार्ड. सकाळची बॅच रिकामी आहे. घाबरता का?"

"थोडा घाबरतो," तो म्हणाला आणि ओशाळून कार्ड वाचत बसला. तेवढ्यात मुलीनं पैसे दिले आणि मला पिशवीत टाकलं. लाल बटणाचं वाक्य अर्धवट ते अर्धवटच राहिलं.

ते मी पुरं करतो. बटण एकदा दाबलं की दिवा लुकलुकतो. तेव्हा मी कान टवकारून तयार असतो, पट्ट्याही नाचतात, पण मी साठवून काहीच ठेवत नाही. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि माझं खरं काम सुरू होतं. थांबवायचं बटण वेगळं आहे, शेजारीच, चौकोनी. एवढी साधी गोष्ट.

घरी जाताना पिशवीतून सगळं कानावर पडलं. आईच्या घशात गाठ होती. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यात तिचं स्वरयंत्र काढून टाकणार होते. ती वाचणार होती, पण बोलणार नव्हती.

"तुझा आवाज मला घरात हवाय, आई."

"कशाला? माझी बोलणी खायला? आरसा बघ आधी, मागून टेम्पो येतोय."

मला फार मोठं काम मिळालं होतं. त्या दिवशी मी पिशवीत नुसता वळवळत होतो.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेलची घडी घातली गेली आणि मला वीतभर अंतरावर तिरका ठेवलं. सगळं कसं शिकवल्याबरहुकूम. मुलीनं बटण एकदा दाबलं. दिवा लुकलुकायला लागला.

"हे चालू झालं की अजून व्हायचंय?" ती म्हणाली. "थांब, पुस्तिका बघते."

"त्यात काय बघायचंय?" आई म्हणाली. "इंडिकेटर कधी पाहिलास का? लुकलुकतो तेव्हा तो काम करत असतो. एकसारखा पेटून राहिला की समजायचं, बिघडला. लुकलुकतोय म्हणजे चालू. शिवाय त्या पट्ट्या बघ कशा नाचतायत."

आयुष्य गाडीत काढलेल्या बाईपुढे दातांची डॉक्टर काय बोलणार? पुस्तिका खोक्यात गेली आणि खोकं माळ्यावर.

मग आई बोलायला लागली. घसा साफ करून, पाठ ताठ करून, परीक्षेला बसल्यासारखी. आपण मामाच्या टेम्पोवर गाडी कशी शिकलो ते सांगितलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकानं आपल्याला फोनपाशी बसवलं होतं आणि एकदा मास्तर आलेच नाहीत तेव्हा आपण किल्ली कशी उचलली, तेही सांगितलं. मुलीचे बाबा तिचेच विद्यार्थी. परीक्षेत नापास झाले, पुन्हा शिकायला आले, पुन्हा नापास झाले. "तिसऱ्या खेपेला मला कळलं, हा मुद्दाम नापास होतोय," असं म्हणून ती इतकं सुरेख हसली, की माझ्या पट्ट्या टोकाला जाता जाता राहिल्या.

आणि माझ्या पडद्यावरचे वेळेचे आकडे शून्यावर बसून होते! मुंगीएवढे आकडे, त्यांच्याकडे बघतंय कोण? सगळं माझ्या कानातून जात होतं आणि वाहून जात होतं. अहो, अजून एकदा दाबा की! माझ्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. पण मला ना हात, ना स्वतःचा शब्द.

आईचं बोलणं संपलं. मुलीनं डोळे पुसले आणि बटण पुन्हा दाबलं. दिवा स्थिर झाला.

"झालं बंद," आई म्हणाली.

आणि मी चालू झालो.

मला फ्रिजवर ठेवण्यात आलं. तिथून मी भांडी घासण्याचा आवाज साठवला, नळ साठवला, "मीठ कुठं ठेवलंस?" साठवलं. मला हसू येत होतं आणि रडूही. नवऱ्याची गोष्ट गेली आणि मिठाचा डबा राहिला! तेवढ्यात आई म्हणाली, "बंद झालं ना ते?"

"हो."

"मग आता खरं बोलते. मला भीती वाटते गं."

"ऑपरेशनची?"

"त्याची कसली? मी बेशुद्धच असणार. पुढची वाटते. शेजारच्या सीटखाली माझा ब्रेक आहे, तो दाबायला पाय आहे. पण पाय फक्त थांबवतो. जा म्हणायला तोंड लागतं. शिकणारा माणूस थांबायला घाबरत नाही, तो निघायला घाबरतो. त्याला जा कोण म्हणणार?"

नळ बराच वेळ तसाच वाहत होता. मी तोही ठेवून घेतला.

मग रोज हेच. गोष्ट सांगताना मी लुकलुकत बसायचो आणि ती संपली की कामाला लागायचो, ते पोटातला दम संपेपर्यंत. जीव जाता जाता फाइल तेवढी नीट मिटून घ्यायचो. सकाळी मुलगी चिडायची. "एवढ्यात बॅटऱ्या संपल्या? त्या बोलघेवड्यानं भंगार गळ्यात मारलं." मी भंगार? अख्खी रात्र तुमच्या फ्रिजची घरघर ऐकतोय मी, बाई!

एकदा आईच म्हणाली, "एवढं बोलतेय, कसं आलंय ते ऐकून तरी बघू."

"नको," मुलगी पटकन म्हणाली. "तू समोर बसलेली असताना मशीनमधून कशाला ऐकू? नंतर तेच करायचंय मला." तिचा आवाज फुटला, म्हणून आईनं विषय सोडला. मला त्या पोरीची दया आली आणि रागही आला. ऐक गं बाई, एकदा ऐक! सगळं सुधारायला अजून वेळ होता.

ऑपरेशनला निघायच्या सकाळी आईनं शेवटचं बोलून घेतलं. मुलीनं दिवा स्थिर केला आणि मला दाराजवळच्या फळीवर ठेवलं. बॅग भरलेली होती, किल्ली हातात होती, पण मुलीचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडेना. ती दारात नुसती उभी राहिली.

"काय झालं?" आईनं विचारलं. मग तिच्या लक्षात आलं. शिकाऊ माणसाशी बोलायची तशी ती अगदी हळू बोलली. "जा गं, जा. रस्ता मोकळा आहे. मी आहे शेजारी."

दार लागलं. नंतर मी रिकामं घर ऐकत पडलो होतो.

त्यानंतरचे दिवस मला विचारू नका. ऐकायला कुणी नाही आणि कार्डावर काय आहे ते मला एकट्याला ठाऊक. आई घरी आली ती गळ्याशी भोक आणि हातात लिहून पुसायची पाटी घेऊन. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं, पण त्यातून निघालेली गुणगुण ऐकून ती स्वतःच दचकली आणि तिनं ते खणात टाकलं. घर इतकं गप्प झालं, की मुलीनं शेवटी मला उचललं आणि कॉम्प्युटरला जोडलं.

पहिली फाइल लागली. भांडी. दुसरी लागली. भांडी. तिनं पुढे पळवलं, मागे आणलं, सगळ्या फाइली उघडून पाहिल्या.

"एक गोष्ट नाही!" ती किंचाळली. "टेम्पो नाही, बाबा नाहीत, काही नाही! नळ भरलाय यानं, नुसता नळ!" तिनं मला उचललं. आता आपटते, असं वाटून मी कान मिटले असते, पण मला ते मिटता येत नाहीत.

आईनं तिचा हात धरला. पाटीवर लिहिलं, 'नळ तर नळ. लाव.'

मग दोघी ऐकत बसल्या. मीठ सापडलं, दूध उतू गेलं, आई कुणावर तरी खेकसली, कुठल्याशा गाण्याची एक ओळ चुकीच्या सुरात गुणगुणली. मग आलं, "बंद झालं ना ते?" आणि मागोमाग, "मग आता खरं बोलते."

आईनं कपाळावर हात मारून घेतला. पाटी ओढली आणि भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलं, 'इंडिकेटर!' तिचे खांदे गदगदा हलत होते. हसण्याला आवाज नव्हता, पण ती हसतच होती. मुलगी आधी हसली आणि मग आईच्या मांडीत डोकं घालून रडली. गेलेल्या गोष्टी गेल्याच होत्या. बाबांचं नापास होणं आता दोघींच्या डोक्यात आणि माझ्या हळहळीत तेवढं उरलंय.

शेवटची फाइल लागली. "जा गं, जा. रस्ता मोकळा आहे. मी आहे शेजारी." आईनं मला हातात घेतलं आणि बोटानं खूण केली, पुन्हा. मग पुन्हा. ती माझ्याकडे कामाची वस्तू बघावी तशी बघत होती. मला कळेना, हिच्या मनात काय आहे.

ते काही महिन्यांनी कळलं. मुलीनं ढीगभर नळातून कामाचे तुकडे वेचून माझ्यात परत भरले. "आरसा बघ," हे मुलीची टिकली वाकडी लागली तेव्हाचं. "हळू, घाई कुणाला आहे?" "अरे, लक्ष कुठंय?" आणि शेवटच्या फाइलमधलं ते एक. ब्रेकबाई पुन्हा गाडीत शेजारच्या सीटवर बसली, गळ्याला नवा रुमाल आणि मुठीत मी. आणि सकाळच्या बॅचला कोण आलं असेल? तोच मिशाळ बोलघेवडा, कार्ड जपून ठेवलेला. मुलीनं त्याला दिव्याची हकिगत सांगितली तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "काकू, मी तेच सांगत होतो हो!" आईनं पाटीवर लिहिलं, 'जोरात सांगायचं.'

मला अजून स्वस्थता नाही. बॅटरी अर्धी झाली की जीव खाली-वर होतो. आता मी गप्प झालो तर माझ्याबरोबर आईही गप्प होते. म्हणून एक विनवणी आहे. घरात माझ्यासारखा कुणी असेल तर आजच बटण दाबा, नीट दाबा, आणि माणूस समोर बसलेलं असतानाच एकदा ऐकून बघा. ऐकण्यात अपशकुन नसतो.

काल चौकात गाडी बंद पडली. मागे भोंग्यांचा कल्ला उठला. बोलघेवड्यानं गाडी पुन्हा सुरू केली खरी, पण घाम मिशीत उतरला आणि त्याचा पाय क्लचवर थिजला. थांबायला तो घाबरला नव्हता, निघायला घाबरला होता. आईनं पुढे पाहिलं, मागे पाहिलं आणि अंगठा माझ्यावर ठेवला.

मी बोललो. "जा गं, जा. रस्ता मोकळा आहे. मी आहे शेजारी."

'गं' ऐकूनही तो हसला नाही. त्यानं हळूहळू क्लच सोडला आणि गाडी निघाली.