दाराबाहेरची दहा मिनिटं

मध्यंतराची शिट्टी झाली की मास्तर मुलींना खोलीत घालायचे, बाहेरून दार ओढून घ्यायचे आणि दहा मिनिटं गायब व्हायचे. फुटबॉलचे इतर कोच त्या वेळात घसा फोडून ओरडतात, फळ्यावर बाण काढतात, बाटल्या आपटतात. हे गृहस्थ मात्र नको असलेला पाहुणा दिसल्यासारखे सटकायचे. चार वर्षं हेच चाललं होतं.

त्यांची सून तीन आठवड्यांपूर्वी संघाची फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू झाली. नाक खुपसल्याशिवाय तिला चैन पडत नसे. खोलीत काय चालतं ते तिला पहिल्याच सामन्यात कळलं. मुली आधी एकमेकींवर तुटून पडत, मग थंड होत आणि कोणाला बाहेर काढायचं, कोणाला आत घ्यायचं ते ठरवत. कॅप्टन ते चिठ्ठीवर लिहायची आणि मास्तर परत आले की त्यावर सही करत. आजवर एकदाही त्यांनी चिठ्ठीतला शब्द बदलला नव्हता.

पण बाहेर ते करतात काय? गोलकीपर म्हणाली, सिगारेट ओढतात. दुसरी म्हणाली, देवाचं नाव घेतात. कॅप्टन म्हणजे मास्तरांची मुलगी, सुनेची नणंद. ती हसून म्हणाली, "वहिनी, माझ्या बापाच्या पोटातलं काढणारा अजून जन्माला यायचाय. बघ प्रयत्न करून."

शेवटच्या सामन्याला मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. जिंकलं तरच संघ वरच्या गटात टिकणार होता, बरोबरी चालणार नव्हती. क्लबच्या चिटणीसांनी मास्तरांना तोंडावर सांगितलं होतं, "तुमचं तत्त्वज्ञान पुरे झालं. जिंका, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो." मास्तर "बरं" म्हणाले आणि बुटांच्या नाड्या बांधायला बसले. काळजी लागली ती सुनेला. मैदान सुटलं तर हा माणूस घरात बसून करील काय?

मध्यंतराला दोन्ही बाजू शून्यावर होत्या. "बर्फ आणते," अशी थाप मारून सून बाहेर पडली आणि सासऱ्यांच्या मागे गेली. ते कपडे धुण्याच्या खोलीत उलट्या बादलीवर बसून, मांडीवर कागद ठेवून काहीतरी लिहीत होते.

"बाबा, हे काय?"

"सापडलो म्हणायचं," ते हसले. "मी ठरवलं असतं तर कोणाला काढलं असतं, ते लिहितोय."

"अहो, मग आत जाऊन सांगा ना!"

"मी आत गेलो की सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मैदानात माझं तोंड असतं का? तिथे त्यांना एकमेकींकडेच बघायचं असतं."

"मग लिहिता तरी कशाला?"

"जीभ शिवशिवते गं. लिहिलं की जरा दम धरता येतो."

"आणि त्यांचं चुकलं तर?"

"चुकतं ना. माझं काय कमी चुकायचं? पण माझ्या चुकीतून त्या काही शिकत नव्हत्या, नुसत्या मला शिव्या घालायच्या."

सुनेने मान तिरकी करून कागद वाचला. 'सात नंबर बाहेर. कॅप्टन शेवटपर्यंत हवी, पेनल्टी तीच मारते.' मास्तरांनी कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

दोघं परतले तेव्हा चिठ्ठी तयार होती. कॅप्टनने तिच्यावर स्वतःचाच नंबर लिहिला होता. "गुडघा धरलाय," ती खाली बघत म्हणाली. "मी लपवत होते. या पोरींनी माझ्या पळण्यावरून ओळखलं."

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो गुडघा तिने सकाळीच तपासला होता आणि नणंदेच्या "ठीक आहे गं" वर विश्वास ठेवला होता. मास्तरांचं पेन कागदावर थांबलं. फार नाही, दोन श्वासांपुरतं. मग त्यांनी सही केली.

सामना संपायला चार मिनिटं असताना पेनल्टी मिळाली. कॅप्टन बाकावर होती. बचावफळीतली एक धिप्पाड मुलगी पुढे झाली, जीव खाऊन तिने लाथ मारली आणि बॉल खांबाला आपटून बाहेर गेला. शून्य-शून्य. संघ खालच्या गटात गेला.

चिटणीस तणतणत खोलीत शिरले. "पेनल्टी मारणारीला बाकावर बसवायचं डोकं कोणाचं?"

पेनल्टी चुकवलेली मुलगी टॉवेलात तोंड खुपसून रडत होती. कॅप्टन भिंतीला धरून उठली. "सर, ते..."

"माझं," मास्तर म्हणाले. "चिठ्ठी बघा. खाली सही माझी आहे."

सुनेची नजर त्यांच्या खिशाकडे गेली. तिने तोंड उघडलं, पण मास्तरांनी मान हलवून तिला गप्प केलं.

"मग उद्या किल्ल्या ऑफिसात आणून द्या," चिटणीस म्हणाले आणि चालते झाले.

"बाबा, खोटं का बोललात?" कॅप्टनने विचारलं. "निर्णय आमचा होता."

"जिंकलो असतो तर तुमचा होता," मास्तर म्हणाले आणि लेकीसमोर फरशीवर बसले. "आता गुडघा दाखव. कधीपासून दुखतोय?"