मुंगीबाबांची टिचकी

अमावास्येला कोडोलीच्या दुकानांत साखर उरत नसे. मुंगीबाबांच्या देवीला दुसरे काही चालतच नसे. बाबांनी स्पर्श केला की लुळ्या हातात मुंग्या येत, आणि मुंग्यांमागोमाग देवी, अशी ख्याती होती. मांडव माणसांनी फुलला होता. पुढे सोनूबाई आपल्या नऊ वर्षांच्या सोनमला घेऊन बसली होती. मागे तिचा थोरला भाऊ प्रसेनजीत. शिक्षक असूनही वर्गाबाहेर चारचौघांत बोलायला तो कचरे.

दिवाळीत खिडकीची काच दंडात घुसून सोनमची मनगट उचलणारी नस, म्हणजे मज्जातंतू, तुटली. कोल्हापुरात डॉक्टर संघप्रियांनी ती जोडली. मनगट मात्र अजून लोंबतच होते. म्हणून त्याला आधाराची पट्टी बांधलेली होती.

बाबांनी मोरपिसांच्या कुंच्याच्या मुठीने सोनमच्या हातावर कोपराच्या जरा खाली टिचकी मारली. अंगठ्यामागे मुंग्या आल्या, असे ती म्हणताच मांडव दणाणला.

"मुंग्या म्हंजे देवीचं पायदळ," बाबा म्हणाले. "गेल्या अमावास्येला कोपराच्या वर मुक्काम हुता, आज खाली उतरलंय. आता ही पट्टी सोडा. फौजंची वाट अडतीया."

सोनूबाई पट्टी सोडू लागली. प्रसेनजीतला डॉक्टरांचे बोलणे आठवले. मनगट असे लोंबत राहिले तर सांधे आखडतील आणि नस पुन्हा कामाला लागली तरी हात उचलला जाणार नाही, असे त्यांनी बजावले होते. घरी त्याने बहिणीला धम्मदीक्षेवेळच्या, देवीदेवता न मानायला सांगणाऱ्या बावीस प्रतिज्ञांची आठवण करून दिली होती. "प्रतिज्ञा मोठ्यांनी घेतल्या, दादा," ती म्हणाली होती, "हात माझ्या पोरीचा हाय."

तो उठला. खिशातले पेन काढून त्याने त्याच जागी टिचकी मारली. सोनम म्हणाली, पुन्हा मुंग्या आल्या. चार बोटे अंतर सोडून बाजूला मारली, काहीच नाही. मग त्याने बाबांना त्या बाजूच्या जागीच मंत्रासकट टिचकी मारायची विनंती केली. बाबांनी मंत्र म्हटला, कुंचा झाडला, डोळे फिरवले. देवीचे पायदळ जागचे हलले नाही.

"मामा, तुझ्या पेनातबी देवी हाय व्हय?" सोनमने विचारले.

मांडवात हशा पिकला. त्या हशाने प्रसेनजीतला धीर आला. जोडलेली नस बोटांकडे हळूहळू वाढते, महिन्याला जेमतेम इंचभर, त्याने सांगितले. तिच्या कोवळ्या टोकावर टिचकी मारली की ती जिथे जायची असते तिथे मुंग्या येतात. डॉक्टर तपासतात ते असेच.

मागून हंबीरराव नावाचे म्हातारे उठले. "आमच्या नातवाचा हात जल्मापास्नं लुळा. टाक्याचा वण न्हाय बघून ह्यानं देवी कोपलीया म्हनून परत धाडला की." म्हणजे बाबा नस जोडलेलेच हात निवडत होते. बाबा पूर्वी हाडांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, हेही कुणाला तरी आठवले. बाबा घाईने साखर वाटू लागले; हात कुणी पुढे केला नाही.

सोनूबाईने पट्टी पुन्हा बांधली, आधीपेक्षा घट्ट. मनगट त्या दिवशीही उचलले गेले नाही. ते कधी उचलले जाईल की नाही, हे डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते. वाचकहो, खरे उपचार असेच सावकाश आणि बिनगाजावाजाचे असतात. म्हणून धीर सुटला तर मांडव शोधू नका. ज्यांनी टाके घातले त्यांनाच जाऊन विचारा.