रोवण्याची सुटी

रुख्मा पौषात गेली. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी बोलणं बंद झालं. त्याआधी ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. गीताला मॅट्रिकला बसवा. मी हो म्हणालो.

मी तेव्हा गावच्या हायस्कुलात चपराशी होतो. आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. हायस्कूल म्हणजे श्यामलाल पाटलाचं जुनं धानाचं कोठार. आत पाच खोल्या पाडलेल्या, वर कवेलूंचं छप्पर, मागे तलावाची पाळ. घंटा म्हणजे सौंदड स्टेशनावरून आणलेला रुळाचा तुकडा. दर शनिवारी रुख्मा सगळ्या खोल्या सारवायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. आपली पोरगी इथे बसते, एवढंच कारण. ती गेल्यावर शाळेतल्या मुली आळीपाळीने सारवू लागल्या, पण कोपरे तसेच राहायचे.

जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा नवे हेडमास्तर आले. वऱ्हाडातले, कापसाच्या मुलखातले. आमच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला की शाळा पंधरा दिवस बंद राहायची. पुरुष नांगर धरतात, चिखल करतात. बाया धान रोवतात. मोठ्या मुली आईबरोबर बांधीत, धानाच्या शेतात, उतरतात, मुलं पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंड्या वाहतात. ही सुटी कुठल्या कागदावर लिहिलेली नव्हती, म्हणून नव्या हेडमास्तरांनी ती मानली नाही.

गावची माणसं शाळेच्या पडवीत जमली.

"गुरुजी, तुमच्या वऱ्हाडात कापूस थांबत असन. पऱ्हं थांबत नाही," श्यामलाल पाटील म्हणाला. तो शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष होता आणि त्याचा धाकटा मुलगा मॅट्रिकच्या वर्गात होता.

"मग पोरांनी नांगरच धरावा. मॅट्रिक कशाला हवं?" हेडमास्तर म्हणाले. "मी हजेरी बघून परीक्षेचा फॉर्म भरणार. जो बांधीत जाईल तो घरी बसेल."

"सात पोरं आहेत वर्गात. साती घरी बसवाल काय?"

"साती बसवीन."

मी घंटेपाशी उभा होतो. चपराशाने बोलायचं कारण नव्हतं. पण त्या सहा महिन्यांत मला सगळ्यांचाच राग येत होता. ज्यांच्या बायका जिवंत होत्या त्यांचा जास्त.

"माझी गीता एक दिवस खाडा करणार नाही," मी म्हणालो. "केला तर तिचं नाव कापा. साऱ्यांसमोर सांगून राहिलो."

हेडमास्तर हसले. "बघा, तुमच्या चपराशाला कळतं ते तुम्हाला कळत नाही."

पाटील माझ्याकडे बघत खाली थुंकला. त्या दिवसापासून गावात माझ्याशी कोणी नीट बोललं नाही.

दोन दिवसांनी मनकर्णाबाई घरी आली. रोवणाऱ्या बायांच्या टोळीत ती पुढे असायची आणि रुख्मा तिच्या डाव्या हाताला. टोळीत घरटी एक बाई द्यायची, मग टोळी पाळीपाळीने सगळ्यांच्या बांधीत उतरते, असा रिवाज होता.

"भाऊजी, गीताले पाठवा. रुख्माची जागा रिकामी आहे."

"गीता शाळेत जाईल."

"मग तुमच्या बांधीत कोण येईल?"

"मी रोवीन."

ती हसायला लागली. "माणूस रोवते काय कधी?"

"मले हात आहेत."

"हात आहेत जी. पण कंबर कोणाची आणाल?"

मी हेडमास्तरांकडे पंधरा दिवसांची रजा मागितली. बिनपगारी घे, म्हणाले. घेतली.

दोन एकर बांधी होती. नांगर आणि चिखल ही कामं मला येत होती. रोवणं मी वीस वर्षं बांधावरून बघितलं होतं, ते सोपं वाटायचं. एका हातात पेंडी, दुसऱ्या हाताने तीन-चार काड्या काढायच्या, चिखलात खोचायच्या, एक पाऊल मागे. दुपारपर्यंत माझी पाठ सरळ होईना. ओळी तर कुठल्या कुठे जात होत्या.

तलावाच्या पाळीवरून जाणारे थांबायचे.

"अगा चैतरामबाई, लुगडं नाही नेसली काय आज?"

"एखादं गाणं म्हण ना बाई, रोवताना!"

मी मान वर करत नव्हतो. गीता सकाळी दप्तर घेऊन निघाली की मला बरं वाटायचं. दिवेलागणीला परत यायची, भाकरी टाकायची, जेवायची आणि पुस्तक उघडून बसायची. एकदा मला तिच्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या दिसल्या. कातडं पांढरं पडून फाटलं होतं.

"वाटेत चिखल फार असन," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली.

माझ्या पायांनाही तसंच झालं होतं. तरी मला कळलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी टोळी माझ्या बांधीवर आली. चौदा बाया. मी वाकलेला होतो, त्यांचे आवाज ऐकून उठलो, तोवर त्या उतरून कामाला लागल्या होत्या. मनकर्णाबाईच्या डाव्या हाताला हिरवं लुगडं होतं, काष्टा वर खोचलेला. ते लुगडं रुख्माचं. पाठमोरी रुख्माच उभी आहे असं क्षणभर वाटलं. मग ती मागे वळली. गीता होती.

"तू शाळेत नाही काय?"

ती पुन्हा वाकून काड्या खोचू लागली. मनकर्णाबाईच बोलली. "नऊ दिवस झाले, आमच्यातच आहे. दप्तर माझ्या घरी ठेवते. तुमची बांधी रोवून व्हावी म्हणून कंबर मोडून राहिली पोरगी."

मी चुकलो ते इथे. मी तिथेच गप्प राहायला हवं होतं. पण ते लुगडं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

"निघा माझ्या बांधीतून!" मी ओरडलो. "कोणाची भीक नको मले!"

"भीक कायची? पोरीनं आमचं रोवलं, आम्ही तुमचं रोवतो."

"निघा म्हणतो ना!"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मनकर्णाबाईने हातातली पेंडी पाण्यात फेकली. चिखल माझ्या तोंडावर उडाला.

"जातो. पण याद ठेव चैतराम, या बांधीत पुन्हा एकही बाई पाय नाही ठेवणार. तू मेला तरी नाही." रुख्मा लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला भाऊजी म्हणत होती. ते त्या दिवशी संपलं.

त्या गेल्यावर गीता बांधावर चढली. लुगड्यातून पाणी गळत होतं.

"नाव कापा म्हणताना तुमी मले विचारलं होतं काय?" ती म्हणाली. "नाव माझं होतं."

रजा संपवून मी शाळेत गेलो. अर्धी बांधी रोवली होती, उरलेल्या अर्धीची पऱ्हे पिवळी पडून गेली. हेडमास्तरांना म्हटलं, पोरगी नऊ दिवस आली नाही, तुम्ही मला एका शब्दाने सांगितलं नाही.

"हजेरी घेणं माझं काम आहे. तुझ्या घरी निरोप पोचवणं नाही," ते म्हणाले. "आणि चिखलाचे पाय घेऊन ऑफिसात येत जाऊ नकोस."

माझे पाय धुतलेले होते. फुटलेल्या भेगांतला चिखल निघत नव्हता.

मग शाळेचे दिवस सुरू झाले. सकाळी कुलूप काढायचं, झाडायचं, माठ भरायचे, प्रार्थनेची घंटा द्यायची. पावसात दोन खोल्या गळायच्या तेव्हा बाकं सरकवायची. मुलांनी घंटेमागच्या भिंतीवर खडूने 'रोवणारीन' असं लिहिलं. मी पुसलं. त्यांनी परत लिहिलं. दसऱ्यापर्यंत पुसत होतो, मग सोडून दिलं. हेडमास्तर रोज त्या भिंतीवरून जायचे. गीता मॅट्रिकच्या वर्गात एकटी मुलगी. तिच्या मागच्या बाकावर पाटलाचा मुलगा बसायचा. मास्तरांनी फळ्याकडे तोंड केलं की तो चिखलात काडी खोचल्यासारखा हात करायचा आणि बाकीची पाच हसायची. मी खिडकीतून बघायचो. गीता मागे वळत नसे. घरी ती माझ्याशी कामापुरतं बोलायची.

दिवाळीनंतर एका दुपारी मी दौतीत शाई भरायला ऑफिसात गेलो. हेडमास्तर मॅट्रिकचं हजेरीपत्रक उघडून बसले होते आणि श्यामलाल पाटील समोर. रोवण्याच्या दिवसांतल्या गैरहजेरीवर हेडमास्तर हजेरी लिहीत होते. बांधीत गेलेल्या सहा मुलांच्या ओळी भरल्या. पुढच्या महिन्यात इन्स्पेक्टर येणार होते. वर्ग पंधरा दिवस रिकामा होता असं दिसलं तर शाळेची मान्यता जाईल, हे पाटलाने त्यांच्या गळी उतरवलं होतं. सातवी ओळ त्यांनी तशीच ठेवली.

"गीताचं राहिलं," मी म्हणालो.

"राहिलं नाही. ठेवलं," हेडमास्तर म्हणाले. "नाव कापा, असं पडवीत कोण म्हणालं होतं?"

पाटील हसला. "साऱ्यांसमोर म्हणाला होता जी. मी ऐकलं."

मी शाई भरली आणि बाहेर आलो. नंतर दोन वेळा जाऊन हेडमास्तरांच्या पाया पडलो. दोन्ही वेळा तेच उत्तर. फॉर्म भरायचे दिवस आले. सहा फॉर्म सह्या होऊन टेबलावर ठेवले होते, गीताचा कोरा बाजूला पडलेला.

इन्स्पेक्टर यायचे त्या सकाळी मला सौंदडला बैलगाडी घेऊन जायचं होतं. गोंदियाची गाडी दहाला येते. स्टेशन ते शाळा पाच मैल. मी बैल जुंपले आणि ऑफिसात गेलो. पाटील नवं धोतर नेसून आला होता. हेडमास्तर हजेरीपत्रकं एकावर एक लावत होते.

"निघालास की नाही अजून?"

"निघून राहिलो. एक विचारायचं होतं," मी म्हणालो. "सौंदडहून यायला दीड तास लागते. साहेब गाडीत बसतील, मी हाकीन. दुसरं कोणी नाही. साहेबांशी काय बोलू?"

दोघांनी मान वर केली.

"काय बोलायचं आहे तुला?"

"कोणतं पोरगं कोणाच्या बांधीत होतं, मले सारं ठाऊक आहे. सहा नावं आहेत. दिवसांसकट सांगीन."

पाटील उठला. "साऱ्या गावाची शाळा बुडवशील काय रे?"

"बुडवीन."

"तुझ्या पोरीचंही बुडेल!"

"तिचं तुमी अगोदरच बुडवलं."

हेडमास्तर पांढरे पडले होते. "ही हरामखोरी आहे, चैतराम. या शाळेचं मीठ खाल्लंस तू."

"झाडली, पाणी भरलं, तेव्हा खाल्लं. माझ्या बायकोनं तर फुकटच सारवली."

बाहेर बैल घुंगरं वाजवत होते. हेडमास्तरांनी पत्रक उघडलं, सातवी ओळ भरली, कोरा फॉर्म ओढून सही केली आणि माझ्या अंगावर फेकला. तो खाली पडला. मी उचलला, घडी केली आणि बंडीच्या खिशात ठेवला.

"गाडीत तोंड उघडलंस तर बघ," पाटील म्हणाला.

परतीच्या वाटेवर इन्स्पेक्टर साहेबांनी दोन्ही बाजूंची कापणी बघत विचारलं, "या भागात रोवण्याच्या वेळी मुलं शाळेत येतात का?"

"आमच्याकडे बाया रोवतात साहेब," मी म्हणालो.

मान्यता राहिली. गीताने पाच महिने कोणाकडे न बघता अभ्यास केला. परीक्षेला गोंदियाला जायचं होतं, ती गोंदियाजवळच्या कुडव्याला माझ्या बहिणीकडे, अनुसयाबाईकडे राहिली. मी पोचवायला गेलो. परीक्षेच्या शाळेच्या फाटकाशी ती माझ्या पाया पडली, पण म्हणाली, "पाय दुखत असतील तर उद्या येऊ नका." मी रोज गेलो, आणि रस्त्याच्या पलीकडे बसलो.

जूनमध्ये निकाल आला. सातांत चार पास, त्यात गीता. पाटलाचा मुलगा नापास झाला. त्याच आठवड्यात कमिटीने नवा चपराशी नेमला, आणि मला किल्ल्या ठेवून जायला सांगितलं. गीता भंडाऱ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेली. जाताना तिने हिरवं लुगडं घडी करून पेटीत ठेवलं, सोबत नेलं नाही.

रोवणा आला. टोळी माझ्या बांधीशेजारून गेली, एकही बाई थांबली नाही. शाळेत घंटा झाली, मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. या वर्षी कमिटीने सुटीचा ठराव लिहून घेतला होता, तरी नवा चपराशी घंटा देत होता.

मी वाकून रोवत होतो. दुपारी मनकर्णाबाई एकटी बांधावरून परत चालली होती. माझ्यापाशी आली तेव्हा तिचे पाय थांबलेले दिसले. मी मान वर केली नाही.

"ओळ वाकडी आहे," ती म्हणाली. "रुख्माची अशी नसायची."

ती गेली. मी ओळीकडे बघितलं. खरंच वाकडी होती. मी ती सगळी उपटली आणि पहिल्या काडीपासून पुन्हा रोवायला लागलो.