कार्मेलचे चणे

गोराईत मे महिन्यात रोज संध्याकाळी एकेका घराने गावच्या क्रूसापाशी प्रार्थना ठेवायची आणि मग सगळ्यांना उकडलेले चणे वाटायचे, हा रिवाज. पंच्याऐंशी साली कार्मेलची पाळी आली, तेव्हा तिथे चिटपाखरूही फिरकलं नाही. वर्षापूर्वी तिच्या मुलाने, इनासने, दारूच्या नशेत शेजारच्या सायमनला खाडीत ढकललं होतं. सायमन बुडून मेला, इनास तुरुंगात गेला.

सायमनची आई पासकू समोरच्याच ओट्यावर बसून बघत होती. बरं झालं, बस एकटीच, असं तिला वाटलं. कार्मेल मरियामातेचं एकेक नाव घेई आणि थांबे. ‘आम्हांसाठी विनंती कर’ असं गावाने म्हणायचं असतं. म्हणणारं कोणी नव्हतं. कार्मेल पुढचं नाव घेई. तिचा आवाज चिरकत चालला.

शेवटी पासकूला ते ऐकवेना. ती तणतणत उठली, क्रूसापुढे धप्पकन गुडघे टेकून भांडल्यासारखी खेकसली, “आम्हांसाठी विनंती कर!” शेवटच्या नावापर्यंत ती तशीच खेकसत राहिली.

कार्मेल चणे घेऊन आली. पासकूने पदर पसरला. “सायमनचा वाटा पण घाल.”

कार्मेलने आणखी एक मूठ घातली. “पासकूबाय, माफ केलंस गं माझ्या इनासला?”

“मी? मेले तरी नाय करणार.” पासकूने पदराला गाठ मारली. “वरीसभर देवाला सांगतेय, त्याच्यावर माया करू नको म्हणून. ऐकतच नाय गं तो.”