न चाखलेली कॉफी

सेतुमाधवकाका आता फार दिवस काढणार नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सर्वांत आधी त्यांना. यमाला सांगा, कॉफी झाल्यावर ये, एवढीच त्यांची अट होती.

पण पातळ काहीही गिळताना त्यांना ठसका लागायचा. घरी येणाऱ्या नर्स रंजनीनं घट्ट करायची पावडर दिली. मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेली पुतणी, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. कॉफीचं गाळलेलं डिकॉक्शन, दूध, पावडर. मग चमचा तिरका करून कॉफी किती सावकाश ओघळते ते बघायचं. माझ्या मते ती निर्दोष होती. काका एक चमचा घेत आणि तोंड भिंतीकडे वळवत.

मी पितळी टंबलर बदलला, कॉफी गरम केली, कोमट केली. काकांनी तिला आधी पोस्टातला गोंद म्हटलं, मग चेन्नईच्या वेलचेरीत पूर ओसरल्यावरचा चिखल. रंजनी म्हणाली, शेवटी शेवटी इच्छाच मरते. ते मला पटेना. ज्याची इच्छा मेली तो इतक्या नेटानं नावं ठेवील?

एका सकाळी त्यांनी माझं मनगट धरलं.

"संयुक्ता, तू पिऊन बघितलीस का ग ही?"

मी चाखली नव्हती. आमच्याकडे नैवेद्याआधी रांधणाऱ्यानं चव घ्यायची नसते. मीठसुद्धा वासावरून ओळखायचं. तंजावरहून इथे चेन्नईत, वेस्ट मांबलमला पितळी भांड्यांबरोबर हा नियमही आला. प्रयोगशाळेतही काही चाखायचं नसतं. माझं शिक्षण दोन्हीकडून पक्कं झालं होतं.

"देव व्हायला मला अजून अवकाश आहे," काका म्हणाले. "पी."

मी चमचा तोंडात घातला. गिळवेना, थुंकवेना. माझा चेहरा पाहून काका इतके हसले की त्यांना खोकला आला. त्यांची पाठ चोळताना मीही हसत होते, आणि मला रडूही येत होतं. हे मी त्यांना रोज भरवत होते.

मी रंजनीला विचारलं: गिळायचं नाहीच असं ठरवलं तर? तिनं स्पंजची काडी दाखवली. बुडवायची, पिळायची, जिभेवर नुसती टेकवायची.

मी पावडर न घालता ताजी, कडक कॉफी केली. आधी चाखली. मग काडी त्यांच्या जिभेवर टेकवली. काकांनी डोळे मिटले. बराच वेळ जीभ टाळूला लावून ते पडून राहिले. मी निकालाची वाट बघत होते.

"साखर कमी," ते म्हणाले.

मी पुन्हा चाखली. खरंच कमी होती.