मास्तरांचा नंबर कुणी रद्द केला?

या, असे जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेत, तेही पुढे या. गोष्ट लहानशीच आहे, पण कान देऊन ऐकण्याजोगी. एका सुनेच्या मनात संशय कसा शिरला, त्याने तिथे कसं बस्तान मांडलं आणि कुठल्या दाराने तो बाहेर पडला, ते सांगतो.

एक डायलिसिस केंद्र होतं. सहा मशीनं आणि माणसं चाळीस. ज्यांच्या किडन्यांनी हात टेकले त्यांचं रक्त ही मशीनं चार-चार तास धुऊन द्यायची. कुणाचा नंबर आठवड्यातून दोनदा, कुणाचा तीनदा. नंबर हुकला की पाय सुजायचे, छातीत पाणी भरायचं. हे सगळे नंबर वीस वर्षं एका जाड वहीत पेन्सिलीने लिहिले जात, आणि ती वही सांभाळायची आत्या. आपल्या सुनेच्या नवऱ्याची ती सख्खी आत्या. पण केंद्रात शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळेच तिला आत्या म्हणायचे.

सून प्रोग्रामर. डॉक्टर म्हणाले, "वही फाटायला आली. नंबरांचं काहीतरी संगणकावर करून दे." सुनेने मागच्या खोलीत, नळ्यांच्या खोक्यांमध्ये लॅपटॉप मांडला आणि आठ दिवसांत एक साधीशी एपीआय लिहिली. म्हणजे काय, तर खिडकीमागे बसलेला एक न दिसणारा कारकून. एका पत्त्यावर विचारलं की तो आजची यादी देणार, दुसऱ्या पत्त्यावर विचारलं की एखाद्याचा नंबर रद्द करून प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार. आदल्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर आठवणीचा निरोप जायचा आणि त्याखाली लिंक: येणार नसाल तर इथे दाबा. सुनेने मुद्दाम ते एका बोटाचं काम ठेवलं होतं. म्हातारी माणसं, थरथरते हात; त्यांना कुठे दहा बटणं दाबायला लावायची?

वही कपाटात गेली त्या दिवशी आत्या एवढंच म्हणाली, "टाकू नकोस हं. लागेल कधीतरी."

दहा दिवस सुरळीत गेले. मग एका गुरुवारी केंद्राचे जुने रुग्ण, निवृत्त शाळामास्तर, नऊच्या ठोक्याला हजर झाले, तर त्यांच्या मशीनवर दुसराच माणूस झोपलेला. पडद्यावर लिहिलं होतं, 'रद्द: रुग्णाने स्वतः'.

"मी?" मास्तर म्हणाले. "मी कशाला रद्द करू? मला काय फुगून बसायची हौस आहे?"

त्यांना संध्याकाळपर्यंत बाकावर बसावं लागलं. दुपारी श्वास लागला, नाकाला नळी लावावी लागली. मास्तरांनी तक्रारीचा शब्द काढला नाही, आणि सुनेला तेच जास्त लागलं. शेवटच्या पाळीत डॉक्टरांनी कशीबशी त्यांची सोय लावली आणि सुनेला आत बोलावलं.

"हे कुणी केलं ते शनिवारी दुपारपर्यंत मला कळलं पाहिजे. ज्याने केलं त्याचा हात पुन्हा या यादीला लागणार नाही."

सुनेने सर्व्हरचा लॉग उघडला. कोण कधी आलं आणि कुठल्या पत्त्यावर गेलं, याची ही रोजची नोंद. दोन दिवसांत तीन नंबर रद्द झालेले: मास्तरांचा आणि उद्याचे दोन. ते दोन तिने लगेच परत टाकले. पण तिन्ही वेळा विनंती आली होती केंद्राच्याच इंटरनेटवरून. म्हणजे बाहेरचं कुणी नाही. घरातलंच.

मनात पाल चुकचुकली. "लागेल कधीतरी." तेव्हा साधं वाटलेलं ते वाक्य आता सुनेच्या कानात वेगळंच वाजू लागलं. वही गेली, मान गेला. नवी व्यवस्था कोलमडली तर वही परत येणार आणि मानही. शिवाय हल्ली आत्या कोपऱ्यात तोंड करून, सगळ्यांकडे पाठ फिरवून फोनशी काहीतरी करत असते. विचारलं की म्हणते, "काही नाही गं."

शुक्रवारी सून मागच्या खोलीच्या दाराआड डोळ्यांत तेल घालून बसली. दहा वाजून दहा मिनिटांनी आत्याने चष्मा नाकावर ओढला, फोन काढला, कोपऱ्यात वळली. बोट खाली, बोट वर. दहा वाजून बारा मिनिटं झाली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर शिंपीणबाई नावाच्या एका म्हाताऱ्या रुग्णाचा उद्याचा नंबर पुसला गेला.

सुनेने तो लगोलग हाताने परत टाकला. मग तशीच उठली आणि डॉक्टरांना नाव सांगून आली.

"आत्या? बरं," डॉक्टर म्हणाले. "मग सोमवारपासून त्यांनी घरीच बसावं. उद्या दुपारी मी बोलतो त्यांच्याशी."

घरी नवऱ्याने पानावरचा हात मागे घेतला. "माझी आत्या? अगं, तिने मला बोट धरून चालायला शिकवलं."

"मी नाही म्हणत. लॉग म्हणतो."

"मग लॉगलाच वाढ आता. मला भूक नाही."

त्या रात्री अंथरुणाच्या दोन्ही कडांना दोघं दोन दिशांना तोंड करून पडली. आपलं काही चुकलंय असं सुनेला वाटत नव्हतं. पण झोपही लागत नव्हती.

शनिवारी सकाळी, डॉक्टरांनी बोलण्याआधी आपणच विचारावं, म्हणून ती आत्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आत्या, तुमचा फोन दाखवता?"

"का गं? माझ्या फोनात काय घबाड सापडणार तुला? गुडघ्याच्या मलमाच्या जाहिराती?"

"शिंपीणबाईंचा नंबर तुम्ही काढलात. मास्तरांचाही. मी पाहिलंय."

आत्याचं हसू ओठांवरच वाळलं. "वही घेतलीस, तेव्हा चकार शब्द काढला नाही मी. आता हेही ऐकायचं का?" तिने फोन टेबलावर ठेवला आणि सुनेकडे सरकवला. "घे. पोटभर बघ."

सुनेने बघितलं. निरोपच निरोप. मास्तरांच्या मुलीला: 'बाबांना उद्या नऊला आण गं बाळा, उशीर नको.' शिंपीणबाईंच्या जावयाला: 'सासूबाईंची वेळ दीडची, रिक्षा आधीच सांगून ठेवा.' आणि अलीकडच्या प्रत्येकाखाली केंद्राचा तो आठवणीचा निरोप जसाच्या तसा डकवलेला.

"हे तुमच्याकडे कसे आले?"

"ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या नावापुढे मी माझा लिहून दिला. तू म्हणालीस ना, रकाना रिकामा चालत नाही म्हणून? निरोप माझ्याकडे येतो, मी घरच्यांना पुढे ढकलते. आधी माझ्याच शब्दांत लिहायचे, बुधवारपासून तुझा निरोपही खाली डकवते. नुसत्या मशीनच्या निरोपाला कोण विचारतं? आपलं माणूस सांगतं तेव्हा पोरं हलतात."

"मग पाठ फिरवून का?"

"तुझं पडलेलं तोंड बघायचं होतं का? एवढं मोठं यंत्र केलंस, आणि ही म्हातारी अजून मागून ढकलतेय असं वाटायला नको तुला."

सुनेने लॅपटॉप ओढला, एक खोटा रुग्ण तयार केला, त्याच्यापुढे आत्याचा फोन घातला. निरोप वाजला. "आत्या, हा मला पाठवा. रोज पाठवता तसाच."

आत्याने निरोप उचलला, गप्पांच्या खिडकीत डकवला. लिंकखाली केंद्राच्या नावाची छोटीशी चौकट आपोआप उमटली. आणि लॅपटॉपवर त्याच क्षणी आलं, 'रद्द: रुग्णाने स्वतः'.

"अगं, मी अजून पाठवलासुद्धा नाही!"

सुनेने लॉग पुन्हा उघडला आणि दोन दिवस ज्या रकान्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं तो वाचला. कोण आलं? माणूस नव्हे. गप्पांचं ते ॲपच. लिंक डकवली की आत काय आहे ते ॲप आधीच डोकावून बघतं, म्हणजे ती चौकट दाखवता येते. बिचारं नुसतं डोकावलं होतं. पण सुनेचा कारकून असा की कुणी डोकावलं तरी नंबर कापून मोकळा.

हे काम शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतात: नुसतं विचारायला आलेल्या विनंतीने आतलं काहीही बदलता कामा नये, बदलायचं तर विनंती वेगळी. सुनेला ते ठाऊक होतं. म्हाताऱ्यांच्या एका बोटाच्या सोयीसाठी तिने ते मोडलं होतं. आणि ज्यांच्यासाठी आत्या सर्वांत जास्त धडपडली, नेमके त्यांचेच नंबर गेले होते.

एक वाजता डॉक्टर बाहेर आले. बाकावर पाळी संपवून आलेले मास्तर होते, पाळीची वाट बघत शिंपीणबाई होत्या. डॉक्टरांनी तोंड उघडण्याआधीच सून म्हणाली, "डॉक्टर, काल मी आत्यांचं नाव घेतलं ते चुकीचं होतं. मास्तरांचा नंबर माझ्या कोडने रद्द केला. यादीवरून कुणाचा हात काढायचा असेल तर माझा काढा."

आत्याने वळून पाहिलं. काल आपलं नाव डॉक्टरांपर्यंत गेलं होतं, हे तिला तेव्हा कळलं.

"दुरुस्त व्हायला किती वेळ?" डॉक्टरांनी विचारलं.

"तासभर. लिंक उघडली की फक्त विचारेल, 'नक्की रद्द करायचं?' माणसाने बटण दाबलं तरच रद्द."

"कर. आत्या तपासतील. त्यांनी हो म्हटल्याशिवाय चालू करायचं नाही." एवढं बोलून ते आत गेले.

"बघा," मास्तर बाकावरून म्हणाले, "शेवटी पेपर आत्यांकडेच आला तपासायला."

कुणी हसलं नाही. आत्याने कपाटातून वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि दुपारचे नंबर उतरवायला बसली. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या त्या कारकुनाला शिकवते आहेस ना, आधी विचार, मग रद्द कर? तूही शीक."

"हो, आत्या."

"जेवलीस का?"

"नाही."

"नवराही उपाशीच असेल. जा, फोन कर त्याला."

झाली गोष्ट. आता एकच मागणं. संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा कोपऱ्यात पाठ करून, चष्मा नाकावर ओढून, दुसऱ्याच्या बापासाठी एकेक अक्षर शोधत बसलेल्या त्या आत्याला एकदा आठवा.